जहांगीर बादशहाचे प्राणीप्रेम

मोगल बादशहा जहांगीर याचे नाव घेतले की न्यायाची साखळी आणि नूरजहान आठवते. पण या बादशहाला आणखी एक मोठा छंद होता. त्याला देशोदेशीचे पशुपक्षी पाळण्याची आणि त्यांच्याकडे तासन्‌तास पाहत बसण्याची आवड होती. दिसलेले सारे तो आपल्या आठवणींच्या ग्रंथात लिहून ठेवी. 'तुझुक-ए-जहांगिरी' या नावाने हा फारसी ग्रंथ प्रसिद्ध आहे.

जहांगीरचा जन्म 1569 साली फतेहपूर सिक्री येथे झाला. त्याचे मूळ नाव सलीम. अकबर त्याला लाडाने शेखूबाबा म्हणत असे. 1605 साली अकबराच्या मृत्यूनंतर सलीम गादीवर आला आणि त्याने जहांगीर हे नाव घेतले.

बादशहाला नवलाईच्या वस्तू आवडतात, हे सरदारांना ठाऊक होते. मुकर्रबखान नावाच्या सरदाराला त्याने गोव्याला पाठवले होते. गोव्यात तेव्हा पोर्तुगिजांचे राज्य होते आणि त्यांची जहाजे दूरदूरच्या देशांतून माल आणीत. 1612 साली मुकर्रबखान तेथून काही विचित्र प्राणी घेऊन परतला. त्यांत एक टर्की कोंबडा होता. उर्दूत याला फीलमुर्ग म्हणतात. हा पक्षी मूळचा अमेरिकेतला. जहांगीरने तो पूर्वी कधी पाहिला नव्हता. त्याच्या डोक्याचा आणि मानेचा रंग सरड्यासारखा बदलतो, कधी पोवळ्यासारखा लाल तर कधी कापसासारखा पांढरा होतो, हे पाहून तो थक्क झाला. त्याने चित्रकारांना बोलावून या प्राण्यांची चित्रे काढून घेतली. पणजोबा बाबराने आपल्या ग्रंथात प्राण्यांची वर्णने केली होती, पण चित्रे काढून घेतली नव्हती. ती उणीव आपण भरून काढली, याचा जहांगीरला अभिमान वाटे.

त्याच्या दरबारात मन्सूर नावाचा चित्रकार होता. जहांगीरने त्याला 'नादिरुल अस्र' असा किताब दिला. तुम्हांला उर्दू येते, तेव्हा या किताबाचा अर्थ सांगायला नको. 1621 साली हबसाणातून, म्हणजे आफ्रिकेतून, दरबारात एक झेब्रा आला. गाढवासारख्या त्या जनावराच्या अंगावर काळे-पांढरे पट्टे होते. कोणीतरी रंगाने पट्टे ओढले असावेत, असा संशय काहींना आला. म्हणून त्याचे अंग नीट तपासण्यात आले. रंग खरा निघाला! मन्सूरने त्याचे चित्र काढले. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. झेब्रा मात्र इराणचा शाह अब्बास याला भेट म्हणून पाठवण्यात आला.

पण जहांगीरचा जीव खरा जडला होता तो सारस पक्ष्यांच्या एका जोडीवर. सारस हा माणसाएवढा उंच, लाल डोक्याचा करडा पक्षी. आपल्या महाराष्ट्रात तो गोंदियाकडे भातशेतांत आढळतो. ही दोन पिल्ले अगदी लहान असताना बादशहाकडे आली होती. त्याने त्यांची नावे लैला आणि मजनू अशी ठेवली. प्रवासातही ती त्याच्याबरोबर असत. 1618 साली बादशहाचा मुक्काम अहमदाबादला होता, तेव्हा लैलाने दोन अंडी घातली. मग काय, बादशहाने राज्यकारभारातून वेळ काढून त्यांच्यावर पहारा सुरू केला.

त्याला असे दिसले, की रात्रभर लैला एकटी अंडी उबवते आणि मजनू जवळ उभा राहून राखण करतो. एकदा मुंगसासारखा एक प्राणी जवळ आला. मजनू त्याच्यावर असा धावून गेला, की तो बिळात शिरेपर्यंत त्याने पाठलाग सोडला नाही. सूर्य उगवला की मजनू लैलाच्या पाठीवर हळूच चोच मारी. ती उठे आणि तो अंड्यांवर बसे. दिवसभर अशी आळीपाळी चाले. सुमारे चौतीस दिवसांनी पिल्ले बाहेर आली. मजनू एखादे पिल्लू चोचीत धरून उलटे उचली. तो पिल्लाला इजा करील, या भीतीने बादशहाने त्याला दूर ठेवायला सांगितले. नंतर पुन्हा सोडून पाहिले, तेव्हा कळले की ही मारण्याची नव्हे, मायेची रीत आहे. सारसांविषयी इतके बारीक निरीक्षण त्या काळी दुसऱ्या कोणी लिहून ठेवल्याचे दिसत नाही.

हत्तींचीही तो काळजी घेई. थंडीच्या दिवसांत हत्ती सोंडेने अंगावर पाणी उडवत आणि कुडकुडत. ते पाहून त्याने त्यांच्यासाठी पाणी कोमट करण्याचा हुकूम दिला. त्याच्याकडे माणसाळलेले शेरही होते. (शेर हा शब्द वाघ आणि सिंह या दोघांनाही लावतात.) ते साखळीशिवाय लोकांत हिंडत. त्यांच्यातल्या एका मादीला तीन पिल्ले झाली. तिचे दूध डोळ्यांना गुणकारी असते, असे हकीम सांगत. म्हणून ते काढण्याचा पुष्कळ प्रयत्न झाला, पण थेंबभरही मिळाले नाही.

चित्त्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. हरणांच्या शिकारीसाठी मोगल चित्ते पाळत. अकबराने एका वेळी हजार चित्ते जमवले होते, असे जहांगीर सांगतो. त्यांना पिल्ले व्हावीत म्हणून अकबराने त्यांचे पट्टे काढून त्यांना बागेत मोकळे सोडले, तरी उपयोग झाला नाही. जहांगीरच्या काळात 1613 साली एकदाच एका मादीला तीन पिल्ले झाली. कैदेतल्या चित्त्याला पिल्ले झाल्याची पुढची नोंद थेट 1956 सालची, अमेरिकेतली आहे. तेव्हा दरबारातला प्रत्येक चित्ता जंगलातूनच पकडून आणावा लागे. मोगलांनंतरच्या राजेरजवाड्यांनीही तेच केले. पुढे जंगले घटली, बंदुका वाढल्या आणि 1952 साली भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. 2022 साली नामिबियातून चित्ते आणून मध्य प्रदेशातील कुनोच्या जंगलात सोडावे लागले.

सारसाच्या पिल्लासाठी कासावीस होणारा हा बादशहा स्वतः मोठा शिकारी होता, हेही विसरता येत नाही. एकदा त्याने आपल्या शिकारींचा हिशेब मांडायला सांगितला. वयाच्या बाराव्या वर्षापासून त्याच्या समोर 28,532 पशुपक्षी मारले गेले होते आणि त्यांतले 17,167 त्याने स्वतः टिपले होते. हा आकडा त्याने लपवला नाही, उलट हौसेने लिहून ठेवला. मात्र मनसराज नावाचे त्याचे आवडते हरीण मेले, तेव्हा त्याला फार दुःख झाले. त्याने लाहोरजवळ शेखूपुरा येथे त्याची कबर बांधली आणि त्या भागात हरणांची शिकार बंद केली. तेथला 'हिरन मिनार' आजही उभा आहे. पुढे नातू शुजा आजारी पडला, तेव्हा बादशहाने बंदुकीने शिकार न करण्याचा नवस केला. तो त्याने काही वर्षे पाळला, पण जन्मभर नाही.

1627 साली तो काश्मीरहून परतत होता. प्रकृती ढासळली होती, तरी वाटेत बहरामकल्ला येथे तो शिकारीला बसला. गोळी लागलेल्या हरणामागे एक प्यादा कड्यावर धावला. त्याचा पाय घसरला आणि तो दरीत कोसळून मेला. बादशहाच्या मनाला मोठा धक्का बसला. त्याने त्या प्याद्याच्या आईला बोलावून तिचे सांत्वन केले व तिला पैसे दिले. त्यानंतर त्याला चैन पडले नाही. थोड्याच दिवसांत, लाहोरला पोहोचण्यापूर्वी, वाटेतच त्याचा मृत्यू झाला. लाहोरजवळ शाहदरा येथे त्याची कबर आहे.