वालाचं बिरडं आणि कमलाबाई सोहोनी

पनवेल परिसरात भातकापणीनंतर शेतात वाल पेरला जातो. हिवाळ्यात त्याच्या शेंगांची पोपटी लागते आणि सुक्या दाण्यांचं बिरडं वर्षभर चालतं. वाल भिजवून, मोड आणून, सोलून, नीट शिजवूनच खायचा, हे इथल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. या रिवाजामागचं रसायनशास्त्र उलगडणाऱ्यांत एक मराठी नाव आहे, डॉ. कमला सोहोनी.

माहेरच्या त्या भागवत. लेखिका दुर्गा भागवत यांच्या धाकट्या बहीण. वडील आणि काका दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये मुंबईत उत्तम गुणांनी बी.एस्सी. होऊन कमलाबाईंनी त्याच संस्थेत अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई थेट बंगळूरला जाऊन धडकल्या. वर्षभर काम पाहू, मग नियमित विद्यार्थिनी मानू, अशा अटीवर प्रवेश मिळाला. दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवरचं त्यांचं काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि पुढच्या मुलींची वाट मोकळी झाली.

१९३७ मध्ये त्या केंब्रिजला गेल्या. विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या अभ्यासाचं ते मोठं केंद्र होतं. आपल्या रक्तात कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांचा संयोग झपाट्याने घडवणारं कार्बोनिक अनहायड्रेज हे विकर काही वर्षांपूर्वी तिथेच सापडलं होतं. पेशींत तयार झालेला हा वायू फुप्फुसांपर्यंत पोहोचून श्वासावाटे बाहेर पडतो, तो बऱ्याच अंशी या विकराच्या वेगामुळे. त्यात जस्त असतं, हे डेव्हिड कायलिन आणि सहकाऱ्याने १९३९ च्या सुमारास केंब्रिजमध्येच दाखवलं.

याच कायलिन यांनी त्याआधी सायटोक्रोम या लोहयुक्त प्रथिनांचं पेशींच्या श्वसनातलं काम उजेडात आणलं होतं. कमलाबाईंनी बटाट्यावर प्रयोग करून सायटोक्रोम सी वनस्पतींच्या पेशींतही असल्याचं दाखवलं. प्राण्याची पेशी असो वा बटाट्याची, अन्नातून ऊर्जा काढण्याची यंत्रणा मुळात एकच, हे त्यातून ठळक झालं. अवघ्या चाळीसेक पानांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली.

परदेशात न थांबता त्या मायदेशी परतल्या. दिल्ली आणि कुन्नूरनंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी गरिबांच्या ताटातल्या अन्नावर काम केलं. नीरेतील पोषणमूल्यांच्या संशोधनासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. वालामध्ये ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारं प्रथिन असतं; ते त्यांनी विद्यार्थ्यासह स्फटिकरूपात वेगळं केलं. १९५५ मध्ये हे संशोधन ‘नेचर’मध्ये आलं. कच्च्या वालातल्या प्रथिनांचं पचन या अडसरामुळे नीट होत नाही. उष्णतेने तो बराचसा निकामी होतो, म्हणून वाल पुरता शिजवणं महत्त्वाचं.

इतकं करूनही संस्थेच्या संचालकपदासाठी कमलाबाईंना अनेक वर्षं डावललं गेलं. ते मिळालं तेव्हा निवृत्ती फार दूर नव्हती. १९९८ मध्ये दिल्लीत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार ठेवला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचं निधन झालं.