यशवंतरावांची बेरीज आणि आपला वाटा

कळंबोलीहून पुण्याकडे जाणाऱ्या द्रुतगती मार्गाला यशवंतराव चव्हाण यांचे नाव आहे. नवी मुंबईतला आपला समाज याच रस्त्याने सातारा-सांगलीकडे गावी जातो. मिळालेली सत्ता कायद्याच्या आधारे कशी टिकवावी, हे ज्यांना समजून घ्यायचे आहे त्यांनी या माणसाचे चरित्र अभ्यासले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे झाला. वडील लहानपणीच वारले. आई विठाईने कष्टाने वाढवले. तुरुंगवास, १९४१ मध्ये वकिलीची पदवी, १९४२ च्या लढ्यात भूमिगत कार्य, १९४६ मध्ये आमदारकी आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्रिपद, असा त्यांचा प्रवास झाला.

१९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण केली. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या समितीचा घटक होता. परंतु १९६२ मध्ये काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. १९६० मध्ये राज्य मिळाले आणि समितीचा मुद्दाच संपला, हे खरे. पण त्यानंतर सत्ता इतकी वर्षे टिकली ती कशाच्या बळावर?

त्याचे उत्तर कायद्यात आहे. १९६० चा सहकारी संस्था अधिनियम आणि १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम यशवंतरावांच्या काळातले. सहकारी साखर कारखाना त्यांनी शोधून काढला नव्हता. प्रवरानगरचा कारखाना त्याआधीच उभा होता. पण शासनाचे भागभांडवल आणि कर्जाची हमी मिळाल्यावर कारखाने वाढत गेले. ज्याची जमीन त्याचा ऊस, ज्याचा ऊस तो सभासद, सभासदांतून संचालक, संचालकांतून जिल्हा बँक, जिल्हा परिषद आणि आमदारकी, अशी साखळी तयार झाली. पीककर्ज, ऊसतोडीची पाळी, गावचा रस्ता एकाच गटाच्या हाती गेला. विरोधी पक्षात राहणे शेतकऱ्याला परवडेना. यालाच बेरजेचे राजकारण म्हटले गेले. यात कोणताही कायदा मोडला गेला नाही, हे वकील म्हणून आम्हाला महत्त्वाचे वाटते.

या बेरजेत आपण कुठे होतो? यशवंतरावांचे उपकार नाकारण्याचे कारण नाही. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा १९५८ चा कायदा त्यांच्याच सरकारचा. नवबौद्धांना राज्याच्या सवलती त्यांनी १९६० मध्ये दिल्या. केंद्राला त्यासाठी १९९० उजाडावे लागले. परंतु सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर चालते, सभासदत्व हा हक्क असतो. भूमिहीनाला ऊस नाही, म्हणून सभासदत्व नाही, म्हणून कारखान्यात मत नाही. डिसेंबर १९६४ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला, तो नेमका या मुळावर घाव होता. पुढे १९६७ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या गायकवाड गटाची काँग्रेसशी युती झाली. पक्षाची शकले होतच गेली आणि जमिनीचा प्रश्न मागे पडला.

यशवंतराव १९६२ मध्ये संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. १९७९ मध्ये ते उपपंतप्रधान झाले, पुढे पक्षातच एकटे पडले आणि २५ नोव्हेंबर १९८४ रोजी वारले. यंत्रणा मात्र राहिली. अध्यक्षांनी पक्ष बदलले, खुर्च्या तशाच राहिल्या. २०२१ मध्ये केंद्रात स्वतंत्र सहकार मंत्रालय स्थापन झाले, याचा अर्थ नव्या सत्ताधाऱ्यांनाही ही किल्ली ठाऊक आहे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, योजना जाहीर झाली की रक्कम किती, एवढेच विचारू नका. तिचे सभासद कोण, मतदार कोण, यादी कोणाच्या कपाटात, हेही विचारा. वाशी-नेरूळमधली आपली गृहनिर्माण संस्थाही त्याच १९६० च्या कायद्याखाली चालते. तिच्या वार्षिक सभेला आपल्यापैकी किती जण जातात?