संगीतकार बाख आणि लाइप्झिगचें कॉफीगृह

मोठी कला मोठ्या जागींच नांदते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. राजाचा दरबार असावा, श्रीमंताचा दिवाणखाना असावा, वर हंड्या-झुंबरें लागलेलीं असावींत, तरच तेथें उत्तम गाणें होणार, असें आपण धरून चालतों. ही समजूत कितपत खरी आहे हें ज्यांस पाहावयाचें असेल, त्यांनीं जर्मनींतील लाइप्झिग शहरच्या एका कॉफीगृहाची आणि तेथें दर शुक्रवारीं तरुण विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन वाद्यें वाजविणाऱ्या एका शाळाशिक्षकाची हकीकत अवश्य वाचावी. त्या शिक्षकाचें नांव योहान सेबास्तियान बाख. आज त्याची गणना पाश्चात्य संगीताच्या अग्रगण्य रचनाकारांत होते. परंतु त्याच्या हयातींत शहरच्या अधिकाऱ्यांना तो केवळ एक हट्टी नोकर वाटत असे.

बाखचा जन्म आयझेनाख या गांवीं २१ मार्च १६८५ रोजीं झाला. त्याचें घराणें पिढ्यान्‌पिढ्या वाजविणाऱ्यांचें. बाप अँब्रोसियस हा नगराचा पगारी वाजंत्री होता. या घराण्यांतील माणसें निरनिराळ्या गांवीं नोकरीस असत. तरी वर्षांतून एकदां सर्वांनीं एके ठिकाणीं जमावें असा त्यांचा परिपाठ असे. प्रथम सर्वजण मिळून एक भक्तिगीत म्हणत. ईश्वराचें स्मरण झाल्यावर मग थट्टेस रंग चढे. लोकांच्या तोंडीं असलेलीं साधीं, गमतीचीं गाणीं प्रत्येकजण आपापल्या मनाप्रमाणें उचली, आणि तीं निरनिराळीं गाणीं एकाच वेळीं, परंतु एकमेकांशीं सूर जुळवून, म्हटलीं जात. गाणारे व ऐकणारे दोघेहि हसून हसून बेजार होत. भक्तिगीत आणि लोकगीत यांचें हें शेजार बाखच्या घरींच असें नांदत होतें, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

बालपणाचें सुख त्याला फार दिवस लाभलें नाहीं. तो नऊ वर्षांचा असतां आई वारली, आणि वर्ष उलटण्यापूर्वींच बापहि गेला. ओर्ड्रूफ गांवीं त्याचा वडील भाऊ योहान क्रिस्टोफ हा ऑर्गनवादक होता. त्यानें या पोरक्या मुलाला आपल्या घरीं नेऊन शिकविलें. या भावाजवळ नामांकित रचनाकारांच्या चिजांची एक वही होती. ती तो जाळीच्या कपाटांत ठेवी आणि कितीहि विनविलें तरी धाकट्याच्या हातीं देत नसे. तेव्हां मुलानें युक्ति केली. घरचीं माणसें निजल्यावर जाळींतून हात घालून, वहीची सुरळी करून तो ती बाहेर काढी, आणि दिवा मिळत नसल्यामुळें चांदण्यांत बसून उतरून घेई. सहा महिन्यांनीं नक्कल पुरी झाली; पण भावाच्या दृष्टीस पडतांच त्यानें ती काढून घेतली! बाखच्या मृत्यूनंतर जें त्याचें पहिलें चरित्र छापलें गेलें, त्यांत ही हकीकत आली आहे.

वयाच्या पंधराव्या वर्षीं तो ल्यूनेबुर्गच्या शाळेंत गेला, आणि १७०३ सालीं, म्हणजे अठराव्या वर्षीं, आर्नश्टाट येथें ऑर्गनवादक झाला. तेथून १७०५ सालीं चार आठवड्यांची रजा घेऊन तो लुबेक येथील बुक्स्टेहूड या थोर वादकाचें वादन ऐकण्यास निघाला. अंतर सुमारें ४०० किलोमीटर. तें त्यानें पायीं तोडलें. चार आठवड्यांचे चार महिने झाले, आणि परत आल्यावर वरिष्ठांचीं बोलणीं खावीं लागलीं. पुढें म्यूलहाउझेन येथें वर्षभर राहून तो वायमारच्या दरबारीं गेला. १७१७ सालीं दुसरीकडे जाण्याचा हट्ट धरल्यामुळें वायमारच्या ड्यूकनें त्याला सुमारें चार आठवडे अटकेंत ठेविलें होतें. सुटल्यावर तो क्योथेनच्या राजपुत्राकडे गेला. तेथें मानमरातब होता, धनीहि संगीताचा रसिक होता. परंतु १७२० सालीं राजपुत्राबरोबर परगांवीं गेला असतां मागें त्याची पत्नी मारिया बार्बारा निवर्तली, आणि तो घरीं आला तेव्हां तिचें दफनहि होऊन गेलें होतें. दुसऱ्या वर्षीं त्यानें आना माग्डालेना या गायिकेशीं विवाह केला.

१७२३ सालीं बाख लाइप्झिग येथें सेंट थॉमस शाळेचा गायनशिक्षक होऊन आला. मुलांना गाणें शिकवावें, आणि शहरच्या मुख्य देवळांतून उपासनेच्या वेळीं संगीत चालवावें, असें त्याचें काम. राहण्याची सोय शाळेच्याच इमारतींत होती. नगरमंडळास खरें पाहतां टेलेमान हवा होता. तो मिळेना, तेव्हां ग्राउप्नर. आणि तोहि येऊं शकेना, तेव्हां बाख! अशा तिसऱ्या पसंतीच्या नोकरानें पहिल्या कांहीं वर्षांत बहुतेक दर रविवारीं एक नवी दीर्घ रचना तयार करावी, ती मुलांकडून बसवून घ्यावी व गावी, हा उद्योग आजहि थक्क करणारा आहे.

पण सामग्री अपुरी पडे. १७३० सालीं त्यानें नगरमंडळास एक अर्ज केला. त्यांत शाळेच्या ५४ मुलांची त्यानें स्वच्छ वांटणी करून दाखविली: १७ गाण्यास लायक, २० अद्याप तयार न झालेलीं, आणि १७ अगदींच निरुपयोगी. मंडळाचें समाधान झालें नाहीं. उलट त्याची वरकड प्राप्ति कमी करण्याचा ठराव झाला. त्याच वर्षीं एका बालमित्रास पत्र लिहून त्यानें दुसरीकडे कोठें नोकरी मिळेल काय अशी विचारणा केली. घरांत मुलें पुष्कळ, खर्च जबर, वरिष्ठ नाराज, अशी त्याची स्थिति होती. अशा माणसाचें मन कोमेजून गेलें असतें तर नवल नव्हतें. तें कोमेजलें नाहीं, याचें एक कारण शाळेपासून थोड्याच अंतरावर, काथारीनेन रस्त्यावर होतें.

लाइप्झिग हें विद्यापीठाचें शहर. १७०२ च्या सुमारास टेलेमान तेथें विद्यार्थी असतां त्यानें होतकरू विद्यार्थ्यांचें एक वादकमंडळ स्थापिलें होतें. १७२९ सालीं या मंडळाचें चालकत्व बाखनें पत्करलें. मंडळाच्या बैठका काथारीनेन रस्त्यावरील गॉटफ्रीड त्सिमरमान याच्या कॉफीगृहांत होत. हिवाळ्यांत दर शुक्रवारीं रात्रीं आठ ते दहा. उन्हाळ्यांत दर बुधवारीं चार ते सहा, शहराच्या वेशीबाहेर त्याच त्सिमरमानच्या बागेंत. आणि मोठा व्यापारी बाजार भरला म्हणजे आठवड्यांतून दोनदां. प्रवेशास पैसा पडत नसे. लोकांनीं गाणें ऐकावें, कॉफी प्यावी, आणि कॉफीच्या विक्रींतच धन्यानें आपला लाभ पाहावा, असा सरळ हिशेब होता. शहरांतील ऑपेराचें नाटकगृह १७२० सालींच बंद पडलें होतें. त्यामुळें देवळाबाहेरचें उत्तम संगीत ज्यांस ऐकावयाचें असे त्यांना ही बैठक म्हणजे पर्वणीच वाटे.

तेथें कोण येत? व्यापारी येत, विद्यार्थी येत, बाजारासाठीं आलेले परगांवचे प्रवासी येत. एखादा वादक गांवांत आला असेल तर त्यालाहि या बैठकींत आपली कला दाखविण्यास मोकळीक असे. वाजविणारे बहुतेक विद्यापीठाचे विद्यार्थी. आज चुकत चुकत वाजविणारा मुलगा उद्यां एखाद्या देवळाचा किंवा दरबाराचा वादक होऊन जाई. १७३३ सालीं सॅक्सनीचा अधिपति मरण पावल्यामुळें सुतक पाळण्यांत येऊन सर्व संगीत बंद होतें. तें संपल्यावर १७ जून रोजीं बागेंत पुनः बैठक भरली, तेव्हां शहरांत पूर्वीं कधीं ऐकलें नव्हतें असें एक नवें हार्प्सिकॉर्ड तेथें वाजणार असल्याची जाहिरात झाली होती. हार्प्सिकॉर्ड म्हणजे पेटीप्रमाणें पट्ट्या दाबून वाजविण्याचें, परंतु आंत तारा छेडल्या जातात असें वाद्य. तोंपर्यंत हें वाद्य इतर वाद्यांस मागून साथ देत असे. बाखनें त्यास पुढें आणून बसविलें, आणि एक, दोन, तीन, इतकेंच नव्हे तर चार हार्प्सिकॉर्ड एकत्र वाजतील अशा रचना केल्या. त्या या बैठकींकरितांच झाल्या असाव्या, असें जाणते म्हणतात.

या कॉफीगृहाशीं जिचें नांव कायमचें जोडलें गेलें आहे, ती रचना १७३४ च्या सुमाराची. तिला लोक ‘कॉफी कँटाटा’ म्हणतात. ती म्हणजे तीन गाणाऱ्यांचें एक लहानसें विनोदी नाट्यच आहे. प्रथम एकजण उठून श्रोत्यांस गडबड न करण्यास सांगतो. कॉफीगृहांत ही सूचना आवश्यकच होती! मग श्लेंड्रियान नांवाचा एक चिडखोर बाप व लीसखेन नांवाची त्याची कन्या यांचें भांडण सुरू होतें. मुलीला कॉफीचें व्यसन, तें सुटावें म्हणून बाप एकेक धमकी देतो: फिरावयास जाऊं देणार नाहीं, नवा घागरा देणार नाहीं, फीत देणार नाहीं. मुलगी ढिम्म हलत नाहीं. शेवटीं, लग्न करून देणार नाहीं, असें म्हणतांच ती वरमते आणि कॉफी सोडण्याचें कबूल करते. बाप आनंदानें वर शोधण्यास बाहेर पडतो. इकडे ही चतुर मुलगी गुपचूप बातमी पसरविते, कीं कॉफीची मुभा लग्नाच्या करारांत लिहून देईल त्यानेंच माझ्या दारीं यावें!

या गमतीदार रचनेचे शब्द पिकांडर नांवाच्या कवीचे आहेत. बाखच्या ‘मत्तयकृत दुःखसहन’ या गंभीर, विशाल रचनेस शब्द देणारा कवि तोच. म्हणजे एकाच कवीनें व एकाच संगीतकारानें शुभ शुक्रवारची उपासनाहि रचली आणि कॉफीगृहांतील हास्यविनोदहि रचला. आश्चर्य असें कीं कॉफीच्या गाण्यांत कोठेंहि हलगर्जी नाहीं. बापाची कुरकुर, मुलीचा लाडिक हट्ट, सर्व कांहीं त्याच कसोशीनें स्वरांत उतरलें आहे. देवळासाठीं एक मेहनत आणि दुकानासाठीं दुसरी, असा भेद बाखला ठाऊक नव्हता. १७४१ सालीं छापलेल्या हार्प्सिकॉर्डवरील त्याच्या तीस रूपांतरांच्या प्रसिद्ध मालेंत अखेरचें रूपांतर लोकगीतांचे सूर एकांत एक गुंफून केलेलें आहे. लहानपणच्या त्या कौटुंबिक संमेलनाचाच हा पडसाद! १७४२ सालीं त्यानें ‘शेतकऱ्यांचा कँटाटा’ रचला. त्यांत तर गांवढळ बोली आणि नाचाच्या लोकप्रिय चाली यांची रेलचेल आहे.

मध्यंतरीं दोन वर्षें खेरीजकरून सुमारें दहा वर्षें बाखनें ही मंडळी सांभाळली. १७४१ सालीं त्सिमरमान वारला, आणि त्या सुमारास बाखचाहि या कामाशीं संबंध सुटला. पुढें त्याची दृष्टि मंदावली. १७५० सालीं एका इंग्रज वैद्याकडून डोळ्यांवर दोनदां शस्त्रक्रिया करविली, पण गुण आला नाहीं, आणि २८ जुलै १७५० रोजीं त्यानें देह ठेविला. त्याच्या थडग्यावर नांवाचा दगडहि नव्हता. त्याची विधवा पत्नी आना माग्डालेना दहा वर्षें कष्टांत कंठून, धर्मादायावर गुजराण करीत १७६० सालीं मरण पावली. कांहीं जाणत्या शिष्यांचा व अभ्यासकांचा वर्ग सोडला तर जग त्याचीं मोठीं गीतें विसरलें. ११ मार्च १८२९ रोजीं वीस वर्षांच्या मेंडेल्सोननें बर्लिन येथें ‘मत्तयकृत दुःखसहन’ पुनः गावविलें, तेव्हां कोठें लोकांचे डोळे उघडले.

तें कॉफीगृह आज उभें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ च्या डिसेंबरांत, बाँबच्या वर्षावाखालीं तें जमीनदोस्त झालें. पण तेथील शिक्षकाचे सूर मात्र फार दूर गेले आहेत. १९७७ सालीं अमेरिकेनें दोन ‘व्हॉयेजर’ यानें अंतराळांत सोडलीं. त्यांवर पृथ्वीच्या संगीताची एक सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. तिच्यांत बाखच्या तीन रचना आहेत. आणि त्यांच्याच संगतीला आपल्या गोव्यांतील केरी गांवच्या सूरश्री केसरबाई केरकर यांनीं गाइलेली भैरवी आहे.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या शाळेच्या संमेलनांत गाण्याची किंवा नाटकाची तालीम चालली असतां, येथें ऐकणारे तरी कितीसे, असा विचार कधीं मनांत येतो, आणि मग सूर थोडा सैल सुटतो. अशा वेळीं काथारीनेन रस्त्यावरील ती खोली आठवावी. पेल्यांचा खणखणाट चालू आहे, कोणी बोलत आहे, कोणी नुकताच आंत येत आहे. आणि दिवसभर शाळेंत शिकवून आलेला एक मास्तर मुलांच्या मध्यें बसून, जणूं राजसभेपुढेंच बसला आहे अशा निष्ठेनें, पहिला सूर लावीत आहे.