महोगनीतला चेहरा

जमैका म्हटलं की आपल्या घरातल्या मंडळींना वेस्ट इंडीजचं क्रिकेट आठवतं. त्याच बेटावर १९२२ साली गोरी दिसणारी एक सून तान्ह्या मुलाला घेऊन उतरली. एडना मॅनली तिचं नाव. जन्म १९०० चा, इंग्लंडमधला. वडील इंग्रज धर्मोपदेशक, आई मात्र जमैकाची, मिश्र रक्ताची. नवरा नॉर्मन वकील आणि नात्याने तिचा मावसभाऊ! आपल्याकडे बायांनी कानांवर हात ठेवले असते, तिकडे ते चालून गेलं.

एडना लंडनला शिल्पकला शिकलेली. आल्याआल्या तिने काय घडवलं, तर मणी विकणारी बाई. आज यात विशेष वाटत नाही. पण या बेटावरचे बहुतेक लोक उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे वंशज. गुलामगिरी १८३८ मध्ये पूर्ण संपली, तरी सुंदर म्हणजे गोरं, हे गणित डोक्यातून गेलं नव्हतं. (स्थळं बघताना आपलं तरी कुठे गेलंय?) काळा चेहरा कलेचा विषय होऊ शकतो, हेच आधी पटवायचं होतं.

१९३५ मध्ये तिने महोगनी लाकडातून एक काळा माणूस कोरला. मान मागे टाकून वर बघणारा. झोपेतून नुकतं कुणीतरी उठवल्यासारखा. ‘निग्रो अराउज्ड’ हे त्याचं नाव. १९३७ मध्ये किंग्स्टनला प्रदर्शन भरलं आणि लोकांनी वर्गणी काढून हे शिल्प देशासाठी विकत घेतलं. पुढच्याच वर्षी बेटावर कामगारांचे मोठे संप झाले, नॉर्मन राजकारणात उतरले. लाकडातला माणूस जणू आधीच जागा झाला होता!

एडना घरात बसून राहिली नाही. १९४० पासून तरुणांना फुकट शिकवू लागली. पुढे कलाशाळा निघाली, तिच्यातूनच वाढलेल्या कॉलेजला आज तिचं नाव आहे.

सगळं गोडगोडच झालं असं मात्र नाही. १८६५ च्या उठावात फाशी गेलेल्या पॉल बोगल यांचा पुतळा तिने १९६५ मध्ये घडवला. पण तो बोगलसारखा दिसतच नाही, अशी तक्रार त्यांच्याच गावातून झाली. मला ही तक्रार रास्त वाटते. आपल्या पूर्वजाचा चेहरा कसा होता, हे दुसऱ्या कुणी का ठरवावं? पण तिने घडवला नसता, तर त्या चेहऱ्यावर गाव भांडलं तरी असतं का?

१९६९ मध्ये नॉर्मन गेले. मुलगा मायकेल १९७२ मध्ये पंतप्रधान झाला, तेव्हा ही विधवा आई आपलं दुःख लाकडात कोरत होती. मग हातातली ताकद कमी झाली, तसं तिने लाकूड कायमचं सोडलं आणि ओल्या मातीला हात घातला. त्या मातीतून म्हाताऱ्या बाया निघाल्या, आज्या निघाल्या, पूर्वज निघाले. १९८७ मध्ये, ८६ व्या वर्षी ती गेली.