धन्य फ्रेडरिक ओझानाम

आपल्या अनेक धर्मग्रामांत विन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद गोरगरिबांच्या घरी भेट देतात. १८३३ साली पॅरिसमध्ये मित्रांसह हे कार्य सुरू करणारे फ्रेडरिक ओझानाम तेव्हा अवघे २० वर्षांचे विद्यार्थी होते. सिस्टर रोझाली रेंदू यांनी त्यांना गरिबांच्या वस्तीची वाट दाखवली.

ओझानाम धर्मगुरू नव्हते, प्रापंचिक होते. २३ जून १८४१ रोजी त्यांचा आमेली यांच्याशी विवाह झाला. पुढे दर महिन्याच्या २३ तारखेला ते पत्नीला न विसरता फुले देत. (आपल्यापैकी किती जणांना लग्नाची तारीख तरी आठवते?)

एका नववर्षदिनी त्यांना एक गरीब कुटुंब आठवले. त्यांचे खणांचे कपाट गहाण पडले होते. ते सोडवून द्यावे असे ओझानाम यांना वाटले, पण आमेलींना तो खर्च योग्य वाटेना. त्यांनी पत्नीचे ऐकले. संध्याकाळी लेक मारीची खेळणी नि खाऊ पाहून मात्र त्यांचे मन खाईना. नवऱ्याचा उतरलेला चेहरा पाहून आमेलींनीच त्यांना जायला सांगितले. कपाट त्या घरी पोहोचले तेव्हा कुठे त्यांचा सण गोड झाला.

८ सप्टेंबर १८५३ रोजी मार्सेय येथे, वयाच्या ४० व्या वर्षी, ते प्रभूघरी गेले. मारी तेव्हा ८ वर्षांची होती.