मैदानालाही रविवारची सुट्टी

माझे मोठे दीर फौजेतून निवृत्त झालेले. गोल्फचा त्यांना भारी नाद. मुलगी एडिनबराला नोकरीला आहे, तेव्हा तिच्याकडे जाऊन स्कॉटलंडातल्या सेंट अँड्र्यूजला एकदा तरी खेळायचंच, असं त्यांनी मनात घेतलं आणि काटोलला आमच्या ओसरीवर कॅलेंडर घेऊन बसले. तिकडून पुतणी फोनवर एकेक अट सांगू लागली. तिथल्या जुन्या मैदानावर रविवारी खेळ बंद. खेळायचा नंबर चिठ्ठ्या काढून लागतो. हिवाळ्यात गवत जपायला बॉलखाली चटईचा तुकडा ठेवावा लागतो. शिवाय २०२७ ची ओपन स्पर्धा तिथं ठरल्यामुळे नोव्हेंबर २०२५ मध्ये मैदानाच्या दुरुस्तीचं काम काढलं, तेव्हा तेही बघूनच तिकीट काढायचं.

मला नवल वाटलं ते रविवारचं. धंद्याचा दिवस आणि मैदान बंद? चौकशी केली तेव्हा टॉम मॉरिस या माणसाची गोष्ट हाती लागली. गोल्फ खेळणारे त्याला आदरानं ओल्ड टॉम म्हणतात.

मैत्रिणींनो, गोल्फ म्हणजे श्रीमंतांचा खेळ असंच आपण समजतो. पण हा टॉम हातमागावर विणणाऱ्याचा पोरगा. जन्म १६ जून १८२१, सेंट अँड्र्यूजचाच. पोरवयातच तो अ‍ॅलन रॉबर्टसन नावाच्या कारागिराकडे गोल्फचे बॉल बनवायला शिकायला राहिला. तेव्हा कातड्याच्या पिशवीत उकडलेली पिसं ठासून बॉल शिवत. मेहनतीचं काम आणि बॉल महाग. पुढे गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचे स्वस्त बॉल निघाले. रॉबर्टसनला ते आपल्या पोटावर पाय वाटले. टॉम त्या बॉलनं खेळताना दिसला, एवढ्यावरून दोघांचं बिनसलं आणि टॉमचं काम गेलं.

घरात बायको अ‍ॅग्नेस. १८५० मध्ये चार वर्षांचा पहिला मुलगा वारला होता. १८५१ मध्ये दुसरा झाला, त्याचंही नाव टॉमीच ठेवलं. त्याच वर्षी बाळाला घेऊन दोघं प्रेस्टविक गावी गेली. तिथं टॉमनं बारा होलचं मैदान आखलं. ओपन स्पर्धा १८६० मध्ये याच मैदानावर सुरू झाली. पहिल्या वर्षी तो दुसरा आला. नंतर १८६१, १८६२, १८६४ आणि १८६७ अशी चार वेळा जिंकला. शेवटच्या वेळी त्याचं वय होतं ४६.

पण मला त्याच्या बक्षिसांपेक्षा त्याचं फावडं जास्त आवडतं. १८६४ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या क्लबनं त्याला मैदानाची राखण करायला परत बोलावलं. पगार वर्षाला ५० पौंड, मैदानाच्या खर्चाला २० पौंड. हत्यारं म्हणजे एक हातगाडी, कुदळ आणि फावडं. मैदान काटेरी झुडपांनी आवळलेलं, जाणारे आणि येणारे एकाच चिंचोळ्या वाटेवर. टॉमनं झुडपं काढून वाट रुंद केली, होलभोवतीची हिरवळ वाढवली, पहिल्या आणि अठराव्या होलची हिरवळ नव्यानं तयार केली. गवतावर वाळूचा पातळ थर द्यायची त्याची पद्धत. हातगाडीतली वाळू सांडली तिथं गवत दाट आलं, त्यावरून त्याला हे सुचलं असं सांगतात.

रविवारी न खेळणं ही तिथली धर्माची जुनी चाल. टॉमनं तिला जमिनीचं कारण जोडलं. खेळणाऱ्यांना विश्रांती नको असेल, पण मैदानाला हवी, असं तो सांगे. आपल्या काटोलकडच्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आंबिया बहारासाठी संत्र्याची झाडं आपण ताणावर सोडतोच की! पाणी तोडल्याशिवाय फूल धरत नाही. (रविवारी आपल्याला मात्र चुलीपाशी दुप्पट काम, ते सोडा.)

बायकांसाठीही त्यानं एक काम केलं. त्या काळी बाईनं खांद्याच्या वर हात उचलून फटका मारणं अशोभनीय समजत. म्हणून १८६७ मध्ये तिथल्या बायकांनी हलक्या हातानं बॉल होलमध्ये ढकलण्यापुरता आपला वेगळा क्लब काढला. त्यांच्यासाठी टॉमनं उंचवट्यांची एक जागा तयार करून दिली. तिला लोक हिमालय म्हणतात! थोड्या पैशांत कोणालाही तिथं खेळता येतं. आमच्या जाऊबाईंनी ते लगेच लिहून घेतलं. बाकी बायकांना मोठ्या क्लबाचं दार उघडायला २०१४ साल उजाडलं.

धाकटा टॉमी बापापेक्षा सरस निघाला. १८६८ मध्ये सतराव्या वर्षी त्यानं ओपन जिंकली, दुसरा आला बाप. लागोपाठ तीनदा आणि १८७२ मध्ये चौथ्यांदा तोच. त्यानं मार्गारेट नावाच्या खाणकामगाराच्या मुलीशी लग्न केलं. ती वयानं मोठी होती. सप्टेंबर १८७५ मध्ये बापलेक नॉर्थ बेरिकला सामना खेळत होते आणि घरी मार्गारेटचे दिवस भरलेले. सामना संपत आला तेव्हा तार आली, बाळंतपण अडलं आहे. त्यांनी सामना पुरा केला आणि रेल्वेनं फार वेळ लागेल म्हणून शिडाच्या होडीनं खाडी ओलांडून निघाले. घरी पोचले तेव्हा आई आणि बाळ दोघंही गेलेली. टॉमी त्यातून सावरला नाही. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी, चोविसाव्या वर्षी तोही गेला. दुसऱ्या वर्षी अ‍ॅग्नेस गेली. बाळंतपणात बाई दगावल्यावर घर कसं कोसळतं, हे गावोगावी हिंडताना मी पाहिलंय. त्यामुळे एवढी हकीकत वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

टॉम मात्र काम करत राहिला. रोज सकाळी समुद्रात पोहायचा, मग मैदानावर. दिवसाला एक पौंड आणि प्रवासखर्च घेऊन गावोगावी मैदानं आखून द्यायचा. साऊथ युइस्ट बेटावर १८९१ मध्ये आखलेलं अ‍ॅस्कर्निशचं मैदान पुढे वाळूत आणि गवतात हरवलं. २००५ मध्ये त्याचा शोध लागला आणि २००८ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा खेळ सुरू झाला. मी तर दिरांना म्हटलं, जुन्या मैदानाचा नंबर नाही लागला तर टॉमनं आखलेल्या दुसऱ्या मैदानांचीच फेरी करा.

दुरुस्ती किती बेतानं करावी लागते बघा. सेंट अँड्र्यूजच्या ओढ्यावर स्विल्कन नावाचा छोटा दगडी पूल आहे. माणसांच्या पायांनी तिथलं गवत उडायचं म्हणून २०२३ मध्ये पुलाच्या तोंडाशी फरशी बसवली. लोक इतके चिडले की ती लगेच उखडावी लागली.

ऐंशी ओलांडल्यावर टॉमनं राखणीचं काम सोडलं. तोवर त्याची सगळी लेकरं एकेक करून जात होती, १९०६ मध्ये शेवटचा मुलगाही गेला. २४ मे १९०८ ला एका क्लबाच्या जिन्यावरून पडून ८६ व्या वर्षी टॉम वारला. गावातल्या मोडक्या कॅथेड्रलच्या आवारात बापलेक जवळजवळ पुरलेले आहेत. टॉमीच्या जागी भिंतीत त्याचा खेळतानाचा पुतळा आहे, साठ गोल्फ क्लबांनी वर्गणी काढून १८७८ मध्ये बसवलेला.