दिवा आणि आकडे

नातेपुत्यासारख्या गावातील दवाखान्यात तुम्ही कधी गेला असाल. तेथे परिचारिका रुग्णाचा ताप पाहते आणि लगेच कागदावर लिहून ठेवते. नीट पाहावे, नोंद करावी आणि त्यावरून सेवा सुधारावी, हे जगाला पटवून देणारी स्त्री म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेल.

तिचा जन्म 12 मे 1820 रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात एका श्रीमंत इंग्रज कुटुंबात झाला. लहानपणापासून तिला गणिताची गोडी होती. तिला रुग्णांची सेवा करायची होती. पण त्या काळी हे काम हलके समजले जाई. घरच्यांनी विरोध केला. तरी तिने निश्चय सोडला नाही. 1851 मध्ये जर्मनीत जाऊन तिने रुग्णसेवेचे शिक्षण घेतले.

1854 मध्ये क्रिमियाचे युद्ध चालू होते. 38 परिचारिकांना घेऊन फ्लॉरेन्स तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोहोचली. तेथे सैनिकांचे फार हाल होत होते. खोल्यांत गर्दी होती. इमारतीखालची गटारे तुंबलेली होती. फ्लॉरेन्सने जेवण, कपडे आणि साफसफाई यांची व्यवस्था लावली. रात्री हातात दिवा घेऊन ती प्रत्येकाची विचारपूस करी.

तरीही सैनिक मरतच होते. फेब्रुवारी 1855 मध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा 42 होते. मार्चमध्ये सरकारी पथक आले. त्याने गटारे साफ केली, हवा खेळती केली. जूनमध्ये हे प्रमाण शेकडा 2 वर आले.

मायदेशी परतल्यावर तिने विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या मदतीने सर्व नोंदी तपासल्या. अन्नाचा तुटवडा हेच मोठे कारण, असे तिला आधी वाटत होते. आकडे मात्र वेगळेच सांगत होते. जखमांपेक्षा कितीतरी अधिक सैनिक रोगांनी मेले होते आणि त्या रोगांचे मूळ घाणीत होते. तिच्याच इस्पितळातली ही गोष्ट होती. पण तिने सत्य लपवले नाही. 1858 मध्ये रंगीत आकृत्या काढून तिने ते सरकारपुढे मांडले. 1860 मध्ये तिने लंडनमध्ये परिचारिकांसाठी शाळा काढली.

फ्लॉरेन्स भारतात कधीच आली नाही. तरी येथील छावण्यांची माहिती मागवून तिने सुधारणा सुचवल्या. येथील गोऱ्या सैनिकांत दर हजारी 69 मृत्यू होत. 1873 पर्यंत ते 18 वर आले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता.

13 ऑगस्ट 1910 रोजी तिचे निधन झाले. तिचा जन्मदिवस आज जगभर परिचारिका दिन म्हणून पाळतात. सेवेला दयेबरोबर डोळस अभ्यासही लागतो, हे तिने दाखवून दिले.

शब्दार्थ : परिचारिका – नर्स, तुंबणे – अडून साचणे, डोळस – जाणीवपूर्वक केलेला.

स्वाध्याय
1. नोंदी तपासल्यावर फ्लॉरेन्सला काय कळले?
2. तिने सत्य का लपवले नसेल? तुमच्या शब्दांत लिहा.